झाकणाखालचं पांढरं

नाशिकला थंडी आली हे मला खोबरेल तेलाच्या बाटलीवरून कळतं. पेपरात निफाडचा पारा छापून येतो, तो खराच असणार; पण निफाडची थंडी निफाडची. आमच्या न्हाणीघराच्या फळीवरचं तेल ज्या सकाळी तळाशी पांढरं धरतं, ती आमच्या घराची थंडी. आधी नुसतं धुरकट होतं, मग कडेकडेनं थिजत येतं, आणि एके दिवशी बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. मग वंदना, माझी बायको, ती बाटली गरम पाण्याच्या बादलीत उभी करते. परवा तिनं ती तशी ठेवली आणि मी दाढी करता करता बघत राहिलो. पांढऱ्यातून पिवळसर तेल हळूहळू सुटत होतं.

"मनमाडला निघालात वाटतं," वंदना म्हणाली.

"कशावरून?"

"बाटलीकडे बघत उभे राहिलात की दोन दिवसांत गाडी काढता तुम्ही. दर वर्षीचं आहे."

ती म्हणते ते बरोबर आहे. म्हणून या वेळी लिहून काढतो आहे.

गाडी घेतली त्याला तीन हिवाळे झाले. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल, दुसऱ्यानं वापरलेली, आणि मी बावन्न वर्षांचा. मुलगी शिकायला पुण्याला गेली होती, संध्याकाळी घर एकदम मोठं वाटायला लागलं होतं, आणि कॉलेजच्या दिवसांपासून मनात राहून गेलेली एक गोष्ट करून टाकावी असं वाटलं. "या वयात माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात," वंदनाचं म्हणणं. मी म्हटलं, पट्टाही घेऊ, आधी गाडी बघून येतो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मालसाठा सांभाळतो. मोजल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही, ही इतक्या वर्षांची सवय. त्यामुळे त्या मॉडेलची ठरलेली दुखणी मी महिनाभर वाचून काढली होती. प्रत्येक इंजिनाची ठरलेली दुखणी असतात. कुणाच्या घराण्यात दमा, कुणाच्या घराण्यात साखर, तसंच ते. या इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तीस हजार किलोमीटरच्या सुमाराला ढिला पडतो. मग सकाळी पहिल्यांदा चालू केलं की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि तेल वर चढलं की थांबतो. वॉटर पंपाचं सील जातं, तेव्हा खालच्या बारीक भोकातून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ठिबकत राहतं. आणि सगळ्यात महागाचं दुखणं हेड गॅस्केटचं. ते फाटलं की कूलंट तेलात उतरतं, तेल दुधासारखं होतं, आणि इंजिन उघडल्यावाचून इलाज राहत नाही.

या सगळ्यावर जाणकारांचा सल्ला एकच होता. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड पाहिजे. विकणारा तुम्ही यायच्या आधी ते तापवून ठेवतो, आणि तापलेलं इंजिन सगळं झाकून नेतं. गेल्या गेल्या हात लावून बघा. कोमट लागलं तर नमस्कार करून परत फिरा.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात देवरे राहायचे. मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी रेल्वेत तिकिटाच्या खिडकीमागे झालेली, त्यातली बरीचशी मनमाडला. बोळातले सगळे त्यांना नाना म्हणायचे. बायको आधीच गेलेली. गाडी त्यांच्या मुलाची, योगेशची. तोही मी गाडी बघायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी संक्रांतीनंतर गेला होता, रक्ताच्या आजारानं, चौतिसाव्या वर्षी. आता नाना मुलीकडे मनमाडला राहायला जाणार होते आणि तिच्या घरी गाडी ठेवायला जागा नव्हती. हे सगळं मला कारखान्यातल्या ओळखीच्या माणसानं आधीच सांगितलं होतं. त्यामुळे गाडीत काही खोट निघाली तरी आवाज चढवायचा नाही, असं ठरवून मी गेलो.

गाडी ओट्याला लागून उभी होती आणि तिच्या अंगावर गोधडी होती. ताडपत्री असते, प्लास्टिकचं कव्हर असतं. गाडीवर गोधडी मी पहिल्यांदा बघितली. लुगड्यांच्या पट्ट्यांची, चार बोटांवर टाके घातलेली. मी गोधडीखाली हात घातला. इंजिन कोमट होतं.

"नाना, गाडी चालू केली होती का?"

"हो, आत्ताच. रोज करतो. पाच मिनिटं."

"मला थंड बघायची होती."

"थंडीच्या दिवसांत आणखी थंड कशाला बघता, साहेब?" ते हसले. मी कारण सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. "मग उद्या या. उद्या नाही करत."

दुसऱ्या दिवशी गेलो. कोमट.

"हात गेला हो," नाना म्हणाले. ते खरोखर ओशाळले होते. "उठलो, तोंड धुतलं, चावी हातातच. चालू झाल्यावर तुमची आठवण झाली."

आमच्या स्टोअरमध्ये एक बोलणं आहे, पहिल्यांदा वजन चुकतं आणि दुसऱ्यांदा माणूस. मी घरी येताना रामकुंडाच्या पुलावर थांबलो. पाण्यावरून वाफ निघत होती, एवढी थंडी होती. या म्हातारबुवांना काय लपवायचं असेल, याचा मी विचार करत होतो. टेन्शनर, की गॅस्केट?

तिसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत गेलो. बोळात बंबांचा धूर खाली बसलेला. मेथीच्या जुड्या उतरत होत्या, त्यांच्यावरच्या पाण्यानं हमालांचे हात लाल झाले होते. नाना दार उघडून बाहेर आले तेव्हा मी ओट्याजवळ उभा होतो. इंजिन बर्फासारखं होतं. त्यांनी गोधडी काढली, घडी करून ओट्यावर ठेवली आणि गाडी चालू केली. खिळे हलले, दोन-तीन सेकंद, आणि थांबले. टेन्शनर ढिला होता, पण गेला नव्हता. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली, थंडीत येतेच. तेलाच्या काचेतून तेल स्वच्छ दिसत होतं. आता तेल भरायचं झाकण उघडून बघायचं राहिलं होतं. ते नाण्यानं फिरवून उघडतं. इंजिन बंद झालं की उघडावं म्हणून मी नाणं हातात धरून उभा राहिलो.

नानांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून मोबाइल काढला, वाकले आणि तो इंजिनाजवळ धरला.

मला वाटलं, मोबाइलच्या उजेडात काहीतरी दाखवतायत. पण उजेड लावलेला नव्हता. पडदा काळा होता. कुठलंही बटन दाबलेलं नव्हतं. ते तसेच वाकून राहिले, एक हात सीटवर, एका हातात तो काळा मोबाइल, डोळे समोरच्या भिंतीवर. मग "बरं," असं कुणालातरी म्हणाले, आणि गाडी बंद केली.

बोळात माणसं होती, उजेड फुटत होता, देवळातली घंटा वाजत होती. तरी माझ्या मानेवर काटा आला. त्यानंतर नाणं घालून झाकण फिरवायला माझा हात झाला नाही. नाणं मी खिशात टाकलं. व्यवहार त्याच दिवशी ठरला.

घरी आणलेली जुनी वस्तू काही दिवस आपली होत नाही, हे मला माहीत होतं. जुनं कपाट घेतलं तरी त्याच्या कप्प्यांना आधीच्या घराचा वास असतो. पण गाडीचं वेगळं असतं. आरसे माझ्याहून उंच माणसासाठी लावलेले होते. त्यांत मला मागचा रस्ता दिसत नव्हता, आकाश दिसत होतं. क्लचच्या दांडीवर दोन बोटांची झीज होती. योगेश दोन बोटांनी क्लच दाबायचा. मी चार बोटांनी दाबतो, त्यातली दोन आपोआप त्याच्या जागी जाऊन बसत. नानांनी सोबत दिलेल्या हेल्मेटच्या आत डोक्याला लावायच्या बामचा वास होता. ते मी माळ्यावर ठेवलं.

आणि ट्रिप मीटर. निघताना शून्य करायचा आणि प्रवास संपला की किती झाले ते बघायचं, यासाठी तो असतो. त्यावर तीनशे सत्त्याऐंशी होते. म्हणजे योगेश शेवटचा कुठेतरी निघाला, त्यानं शून्य केलं, तेवढे किलोमीटर झाले, आणि पुन्हा शून्य करायची वेळ आली नाही. नानांच्या रोजच्या पाच मिनिटांनी त्यात काही भर पडली नव्हती. चाक फिरलंच नव्हतं. मी कॉलनीतून एक चक्कर मारली आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी झाले. मला ते बरं वाटलं नाही. दुसऱ्याच्या अर्ध्या राहिलेल्या प्रवासात मी माझं अंतर मिसळत होतो. शून्य करायचं बटन अंगठ्याखालीच होतं. मी ते दाबलं नाही.

आठवड्यानं तेल तपासायला झाकण उघडलं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरं दिसलं. ताकावर धरतं तसं, घट्ट, पिवळट पांढरं. बोटाला लागलं.

वंदना मागे कपडे वाळत घालत होती. ती येऊन बघून गेली. "आपल्या बाटलीसारखं झालंय की हे. गरम पाण्यात ठेवा." हसली. मी काही हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर हेड गॅस्केट होतं, आणि दोन दिवस कोमट लागलेलं इंजिन होतं.

द्वारका चौकाजवळ अस्लमचं गॅरेज आहे. त्यानं झाकण बघितलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "साहेब, टोपी घातली तुम्हाला. गॅस्केट गेलं. खोलू का?"

"थांब जरा. बघू."

"तुम्ही हिशेबवाले थांबूनच मरता."

मी थांबलो. गॅस्केट फाटलं असेल तर कूलंट कमी व्हायला पाहिजे; ते जाणार कुठे, तेलातच. कूलंटच्या टाकीवर पेनानं रेघ मारली. रोज गाडी चालवून कारखान्यात गेलो आणि रोज सकाळी थंड इंजिनावर रेघ बघितली. कूलंट रेघेला चिकटून होतं. आठ दिवसांनी सुद्धा तिथंच. म्हणजे तेलातलं पाणी कूलंटचं नव्हतं. मग कुठून आलं? अस्लमला सांगितलं तर म्हणाला, "मी कधी म्हटलं गॅस्केट गेलं म्हणून? असेल म्हटलं." मग तो जरा विचार करून म्हणाला, "बहुत दिन से खडी थी क्या? नुसती चालू-बंद?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते मीही वाचलेलं होतं, फक्त दुखण्यांच्या यादीत शेवटी होतं म्हणून मागे पडलं होतं. नाना काही लपवत नव्हते. त्यांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रोज करतो, पाच मिनिटं.

मी रविवारी पंचवटीत गेलो. कशाला गेलो, असं आता विचारलं तर नीट सांगता येत नाही. खात्री करून घ्यायला, असं तेव्हा वाटत होतं. आलेल्या मालाचा मेळ बसला तरी मी एकदा पुरवणाऱ्याला विचारतोच.

नाना ओट्यावर उन्हाला बसून मटार सोलत होते. दारातून आतलं बांधलेलं सामान दिसत होतं. मधल्या भिंतीवर खिळे राहिले होते, तसबिरी उतरवलेल्या.

"या सोनवणे. गाडी कशी आहे?"

मी फडक्याला पुसून आणलेलं पांढरं त्यांना दाखवलं.

"काय हे? लोणी?"

"तेलात पाणी मिसळलंय, नाना. झाकणाखाली होतं. तुम्ही रोज पाच मिनिटं किती दिवस करत होतात?"

"योगेश मुंबईला हॉस्पिटलात गेला तेव्हापासून. तुम्ही नेलीत त्या दिवसापर्यंत." त्यांनी एक शेंग उचलली. "त्याच्याजवळ सुमन राहायची, माझी मुलगी. मला दमा, मला तिथं आत येऊ द्यायचे नाहीत. रोज सकाळी त्याचा फोन यायचा. नाना, गाडी चालू करा, फोन जवळ धरा. मी धरायचो. तो काही बोलायचा नाही. ऐकायचा. पाच मिनिटं झाली की म्हणायचा, बस नाना, बंद करा, पेट्रोल जळी राह्यनं."

शेवटचे शब्द त्यांनी त्यांच्या अहिराणीत म्हटले, मुलानं म्हटले असतील तसे. पेट्रोल जळतंय.

"मी म्हणायचो, राहू दे रे अजून दोन मिनिटं. तर नाही म्हणायचा." दाणे परातीत पडत होते. "डॉक्टरनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. सुमन म्हणाली, याला नको सांगायला, हिंमत सोडेल. आम्ही त्याला होळीचं सांगायचो, होळीपर्यंत घरी येशील. तोही म्हणायचा, म्हणून तर गाडी चालू ठेवायला सांगतो, आलो की पहिलं कोकणात जायचंय. शेवटपर्यंत त्याला कळू दिलं नाही, सोनवणे. तेवढं एक जमलं आम्हाला."

आमच्याकडे असंच करतात. माझ्या आत्याच्या वेळी आम्हीही केलं होतं. दाराबाहेर रडायचं, तोंड धुवायचं आणि आत जाऊन उद्याच्या भाजीचं विचारायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माणूस आशेत गेला, असं नंतर एकमेकांना सांगता येतं. नाना मनमाडला सामानासोबत तेवढंच घेऊन चालले होते.

मी गाडीबद्दलच बोलत होतो. मी म्हणालो, "पण नाना, पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. आतल्या हवेतलं पाणी सुटतं, ते उडून जायला गाडी लांब न्यावी लागते. नुसती चालू करून बंद केली की ते रोज थोडं थोडं तेलात जातं. त्यापेक्षा उभी राहिलेली बरी. हे कुणाही गाडीवाल्याला..."

आणि मला दिसलं वाक्य कुठे चाललं होतं ते.

"कुणाही गाडीवाल्याला काय?" नानांनी विचारलं. खिडकीच्या जाळीतून अर्धी वाक्यं ऐकून पुरी करण्यात त्यांनी सगळी नोकरी काढली होती.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण वेळ लागतो, आणि समोरच्या माणसाला तेवढा वेळ पुरतो.

"योगेशला माहीत असेल?"

"नक्की कसं सांगणार?"

नानांच्या हातातली शेंग उकललेली होती, दाणे तिच्यातच. बोळातून एक हातगाडीवाला वांगी, गावरान वांगी करत गेला. त्याचा आवाज कोपऱ्यावर वळून बंद झाल्यावर नाना म्हणाले, "त्याची आई होती तेव्हा थंडीत ओरडायची त्याच्यावर. रविवारी उठून त्र्यंबककडे जायचा, धुक्यात. ती म्हणायची, नुसती चालू करून ठेव की रे इथंच, कशाला मरायला जातोस. तर म्हणायचा, नुसती चालू करून गाडी बिघडते, आई. लांब न्यायला लागते."

मग अहिराणीत म्हणाले, "त्याले माहीत व्हतं."

"गाडीचं," मी म्हणालो.

"समदं."

ऊन ओट्यावरून भिंतीवर चढत होतं. ज्याला पुन्हा गाडीवर बसायचं आहे, तो तेलात पाणी होऊ देत नाही. बाप मुलाला सांगत नव्हता आणि मुलगा बापाला, आणि दोघांच्या मधे रोज सकाळी फोनवर एक इंजिन चालू होतं. योगेशला नुसता आवाज ऐकायचा होता का? की बापानं सकाळी अंथरुणातून उठावं, चावी घ्यावी, बाहेर यावं, म्हणून त्यानं त्यांना काम लावून दिलं होतं, गाडीच्या जिवावर? मी तीन हिवाळे यावर विचार केला आहे. ठरवता येत नाही.

"मग होळीचं कशाला बोलायचा तो?" नानांनी विचारलं. विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"तुम्ही बोलायचात म्हणून असेल."

त्यांनी शेंगेतले दाणे परातीत टाकले. मला उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. शेवटी त्यांनी परात बाजूला ठेवली.

"गाडी गेली का मग माझ्यामुळे?"

"नाही. तेल बदलतो. मग लांब न्यायची. तापली की राहिलेलं पाणी उडून जाईल."

"किती लांब?"

"साठ-सत्तर तरी. मधे न थांबता."

"मनमाड नव्वद आहे," नाना म्हणाले. गावांची अंतरं त्यांना तोंडपाठ होती. "सामान टेम्पोत जाईल. मला हिच्यावर सोडा."

"थंडी आहे, नाना. तुमचा दमा."

"दमा मला आहे. तुम्ही गाडी बघा."

त्या आठवड्यात तेल बदललं. माळ्यावरचं हेल्मेट काढलं. नानांनी कानटोपी घातली, तिच्यावर ते हेल्मेट, अंगात दोन स्वेटर, आणि गोधडी पोटाशी घडी करून माझ्या आणि त्यांच्या मधे. वंदनानं त्यांना चहा पाजला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "चाळीसच्या वर गेलात तर बघा." मी साठनं गेलो.

पिंपळगावच्या अलीकडे द्राक्षबागांमधून धूर उठत होता. रात्री पारा उतरला की घड वाचवायला बागांत शेकोट्या करतात. सकाळी तो धूर जमिनीलगत पसरून राहतो आणि रस्ता त्यातून जातो. नव्या आरशांत, म्हणजे मी माझ्या उंचीला लावून घेतलेल्या आरशांत, मला मागे ते हेल्मेट दिसत होतं. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. काच खाली, काचेवर धूर. एकदोनदा मी नजर काढून घेतली. नानांचा हात माझ्या खांद्यावर होता, त्याचं वजन कळत होतं, म्हणून बरं. ते वाटेत एकदाच बोलले. चांदवडचा घाट चढताना खांद्यावर थोपटून म्हणाले, "तापलं असेल आता."

"तापलं."

ट्रिप मीटरवर नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे आकडा नाही. गाडी घेतल्यापासून कारखान्याच्या फेऱ्या बऱ्याच झाल्या होत्या, त्यामुळे घाट उतरल्यावर कुठेतरी तो आपोआप शून्य झाला. मी बघितलं तेव्हा चार झाले होते. थांबण्यासारखं तिथं काही नव्हतं. दोन्हीकडे कांद्याची रोपं, आणि एक बंद टपरी.

मनमाडला सुमनताईच्या दारात गाडी बंद केली, जरा निवू दिली आणि नाणं घालून झाकण उघडलं. आतून वाफ आली. झाकणाखाली पाण्याचे थेंब होते, स्वच्छ. नानांनी त्यात बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं आणि बोट स्वेटरला पुसलं. मग गोधडी घेऊन आत गेले.

या परवाच्या खोबरेल तेलानंतर मी काल मनमाडला जाऊन आलो. झाकणाखाली आता काही नसतं. दर थंडीत तरी उघडून बघतो. टेन्शनर नवा बसवला, खिळे हलत नाहीत. अस्लम म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं, हे इंजिन कुठे जात नाही.

नानांना आता फार चालवत नाही. पुढच्या खोलीत खिडकीजवळ खाट आहे, पायांवर तीच गोधडी. पहिल्या दोन वर्षी मी दारात पोचलो की लगेच गाडी बंद करून आत जायचो. म्हाताऱ्या माणसाला कशाला, असं वाटायचं. काल बंद केली नाही. नव्वद किलोमीटर येऊन तापलेल्या इंजिनाला आणखी पाच मिनिटांनी काही होत नाही. उभी केली, हातमोजे काढले आणि तशीच चालू ठेवली. सुमनताई दारात आली, काही विचारणार होती, ती थांबली.

आत खाट करकरली. नाना उठून बसले असावेत. ते बाहेर आले नाहीत. मी खिडकीकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत राहिलो. समोर रेल्वेची भिंत, पलीकडे एक मालगाडी थांबलेली. इंजिन एका लयीत चाललं होतं.

बऱ्याच वेळानं खिडकीतून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"बस. बंद करा. पेट्रोल जळी राह्यनं."

मी चावी फिरवली.